काडीचे दुसरे टोक

परभणीच्या साप्ताहिकात तिसऱ्या पानावर कायद्याच्या प्रश्नोत्तरांचा रकाना असे. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेल्यावर संपादकांनी तो सुरू केला. कायदे बदलले होते, कचेऱ्यांची भाषा बदलत होती, आणि आपण नेमके कोणत्या कायद्याखाली राहतो हे लोकांना कळत नव्हते. रकान्याचे नियम दोन होते. नाव छापायचे नाही, गाव छापायचे नाही. तिसरा नियम संपादकांनी मला, म्हणजे रकाना लिहिणाऱ्याला, तोंडी सांगितला होता: विशेषणे नकोत.

उत्तरे देणारे वकील निजामाच्या अमलात उर्दूतून कायदा शिकले होते. नवा कायदा ते इंग्रजीत वाचत, मनात उर्दूत लावत आणि मराठीत सांगत. त्यामुळे त्यांचे प्रत्येक उत्तर जरा उशिरा येई. बाजारच्या दिवशी दुपारनंतर ते घराच्या पडवीत बसत आणि येईल त्याचे ऐकून घेत. मी शेजारी स्टुलावर बसून टिपणे घेई.

प्रश्न फिरून फिरून तेच असत. गाडीबैलाला मोटार धडकली तर फिर्याद कुठे करायची. सून माहेरी जाऊन बसली तर काय. शेजारी कराचीला गेला, त्याच्या विहिरीचे पाणी आपल्या मळ्याला घेता येते का. उत्तरेही तीच असत. कागद आहे का, साक्षीदार कोण, आणि फार उशीर झाला. तिसरे उत्तर सगळ्यात जास्त वेळा द्यावे लागे. ते देताना वकील चष्मा काढून डोळे चोळत.

त्या हिवाळ्यात पेडगावकडून एक जोडपे आले. दोघेही मेंढरे राखणाऱ्या घरचे. बाईच्या कडेवर तान्हे मूल होते. पुरुष बोलायला पुढे झाला.

“वकीलसाब, हिचा पैला नवरा वापस आलाय. केस करीन म्हनायलाय. आमाला आत टाकीन म्हनायलाय.”

हकीकत अशी. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात बाईचा पहिला नवरा मेंढरे घेऊन सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेला. तेव्हा बरेच जण जात होते. इकडे रझाकारांचे भय होते आणि तिकडे दुसरे राज्य होते. बाकीचे पावसाळ्यानंतर परतले. तो आला नाही. बाई देवगाव फाट्याजवळ सासरीच राहिली आणि दिरांची मेंढरे राखत राहिली. वर्षे गेली. मग तिच्या माहेरच्यांनी पाट लावायचे ठरवले. पाट म्हणजे बाईचे दुसरे लग्न. पण नवरा मेल्याचे कुणी पाहिले नव्हते, त्यामुळे आधी काडीमोड लागत होती.

काडीमोडीत जमातीच्या पंचांसमोर नवरा-बायको एका काडीची दोन टोके धरतात आणि ती मोडतात. इथे एक टोक धरायला माणूसच नव्हता. पंचांनी बराच खल केला. शेवटी म्हाताऱ्या पंचाने तोड काढली. माळावर धनी नसला आणि त्याची घोंगडी पसरलेली असली, तरी मेंढरे तिच्याभोवतीच बसतात, दुसरीकडे जात नाहीत. म्हणजे घोंगडी हीच धनी. मग नवऱ्याची जुनी घोंगडी घरातून आणून पंचांसमोर अंथरली. तिच्यावर धाकट्या दिराला बसवले. दिराने भावाच्या वतीने टोक धरले. काडी मोडली. महिन्याभरात पेडगावच्या या माणसाशी पाट लागला.

वकिलांनी सगळे ऐकले.

“हे घोंगडीचे तुमच्यात पूर्वी कधी झाले होते?”

“न्हाई साब. गरज पडली न्हवती.”

“मग ती रूढी नव्हे. नवा कायदा काडीमोडीला हरकत घेत नाही, पण ती रूढी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पाहिजे. एकदाच केलेली गोष्ट रूढी होत नाही.”

वकील बाईकडे वळले. दुसरी एक वाट आहे, ते म्हणाले. नवरा सात वर्षे बेपत्ता असेल आणि तेवढ्या काळात तो जिवंत असल्याचे काहीच कानावर आले नसेल, तर दुसरे लग्न केल्याबद्दल शिक्षा होत नाही. ही वाट शिक्षेपुरती आहे. लग्न त्याने पक्के होत नाही.

“सात वर्षांत त्याची काही खबर आली होती?”

“न्हाई,” पुरुष म्हणाला.

“आलती,” बाई म्हणाली.

“गप की गं.”

“गप कामून? घोंगड्या इकनारा आलता की. वाशीमच्या बाजारात दिसला मनून त्यानंच सांगितलं. त्याला मी दोन भाकरी वाढल्या, वर ठेचा दिला. तवा गल्लीभर सांगत फिरले मी.”

“किती वर्षांमागे?” वकिलांनी विचारले.

“पाटाच्या आदल्या साली.”

वकिलांनी चष्मा काढला. पुरुषाने कपाळावर हात मारला. “झालं. आता बस तुरुंगात भाकरी वाढत.”

“त्या खबरीवर मी कुकू लावत ऱ्हायले,” बाई त्याला म्हणाली. “आता आलीच न्हवती म्हनू? जित्त्या मानसाला मेला म्हनू?”

अडचण इथे होती. कायद्याच्या एका वाटेने जायचे तर नवरा मेला असे ती धरून चालली होती, असे म्हणावे लागणार होते. दुसऱ्या वाटेने जायचे तर तो जिवंत होता म्हणूनच काडी मोडली, असे म्हणावे लागणार होते. दोन्ही एकदम म्हणता येत नव्हते, आणि बाई पहिले म्हणायला तयार नव्हती. वकिलांनी दोघांना सांगितले की सध्या कोणाशी भांडू नका आणि कोणापुढे काही कबूल करू नका. बाईने विचारले, “मंग मी आता पेडगावला जाऊ का न्हाई?” वकील म्हणाले, जा. त्यांच्या आवाजात खात्री नव्हती, हे तिलाही कळले असावे. ती उठायला वेळ लावत होती. पुरुषाने मूल आपल्याकडे घेतले आणि चालू लागला, तेव्हा ती उठली.

दोन बाजारांनंतर पहिला नवरा स्वतः पडवीत आला. उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा जुळलेला. काठी टेकत तो पायरीपर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. त्याला खाली बसता येत नव्हते. त्याने आपण कोण ते सांगितल्यावर वकिलांनी आधी स्पष्ट केले की दुसऱ्या बाजूला आपण सल्ला दिला आहे, त्यामुळे याची केस आपण घेणार नाही. कायदा काय आहे तेवढे सांगू.

“तेवढंच सांगा. मी काई तुमाला घरी न्यायला आलो न्हाई.”

त्याचा पहिला प्रश्न पायाचा होता. वऱ्हाडात गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात, वाशीमच्या पुढे, सरकीची लॉरी त्याच्या कळपात घुसली. मेंढरे मेली. पाय चाकाखाली आला. अकोल्याच्या दवाखान्यात तो कित्येक महिने पडून होता. नंतर तिथल्याच एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात राखणीला लागला. पायाची भरपाई मिळते का?

“लॉरीचा नंबर?”

“साब, मेंढरं उचलू का लंबर वाचू? आन वाचता कुठं येतंय मला.”

“ड्रायव्हर?”

“पळाला. मी बी पळालो असतो.”

फार उशीर झाला, वकील म्हणाले. मी टिपण घेण्याआधीच मला ते उत्तर माहीत होते.

दुसरा प्रश्न त्याने आवाज उतरवून विचारला. तो गेला तेव्हा निजामाचा होता. जिथे गेला ते राज्य हिंदुस्थानचे होते. त्याच्याकडे कसलीच परवानगी नव्हती. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून तो मेंढरे रानातून काढून गेला होता. आता परत आल्यावर त्याला पकडतील का? जिनिंगमध्ये कुणी तरी त्याला तशी भीती घातली होती.

वकील पहिल्यांदाच हसले. घटना लागू झाली तेव्हा तू देशातच होतास, ते म्हणाले. तू देश सोडला नाहीस. तू जिथून निघालास तिथेही देश आला.

“आता तर तिकडं बी मुंबई, इकडं बी मुंबई,” तो म्हणाला. “आन मुंबई तर मी अजून पाह्यली न्हाई.”

तिसरा प्रश्न कोणता ते आम्हा दोघांना माहीत होते.

“बाईल वापस मिळंल का?”

वकिलांनी सरळ सांगितले. फिर्याद केलीस तर बहुधा तिला त्रास होईल. नांदायला आणण्याचा दावा करता येईल, कदाचित जिंकशीलही. पण कोर्ट हुकूम देते, बायको घरात आणून बसवत नाही. इतक्या वर्षांत निरोप का धाडला नाहीस, हेही कोर्ट विचारील.

“काय धाडू? मेंढरं भावांची बी होती. पाय असा. कोन्या तोंडानं धाडू?” तो काठीच्या मुठीकडे पाहत म्हणाला. “मला जेल-बिल काई नको तिला. पन साब, मला कोनी इचारलंच न्हाई. घोंगडीला इचारलं.”

“विचारले असते तर काय सांगितले असतेस?”

“तवाचं आता काय सांगू.”

वकिलांनी त्याला एकच गोष्ट सुचवली आणि तीच दुसऱ्या दिवशी पेडगावला निरोपाने कळवली. पंच पुन्हा बसावेत. या वेळी टोक ज्याचे त्याने धरावे. त्यानंतर पाटही पुन्हा लावावा, कारण आधीचा पाट पहिले लग्न उभे असताना लागला होता. जमातीबाहेरचा एक माणूस हजर असलेला बरा, म्हणून वकिलांनी मला जायला सांगितले.

पंच देवगाव फाट्याजवळ चिंचेखाली बसले. वेळ सकाळची होती. म्हाताऱ्या पंचाचे समाधान झालेले नव्हते. घोंगडीच्या काडीमोडीला वकिलाने खोटे ठरवले, याचा त्याला राग होता. तो ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होता. “मेंढराला कळतं ते कोर्टाला कळंना,” तो म्हणाला.

मग नवीनच अडचण निघाली. काडीमोड बसून होते. या माणसाला बसता येत नव्हते. उभ्याने मोडलेली काडी चालते का, यावर पंचांत वाद लागला. एकाने बाजेवर बसवा म्हटले. दुसरा म्हणाला, मग तिलाही बाजेवर बसवावे लागेल, आणि काडीमोडीला दोघे एका बाजेवर कसे बसतील. काही जण हसले. तो चिंचेच्या खोडाला टेकून ऐकत होता.

“आता माझ्या पायाला बी घोंगडी टाकता का?” तो म्हणाला.

शेवटी बाईच उठून उभी राहिली. “मी उबी ऱ्हाते. मोडा एकदाची,” ती म्हणाली. “जोंधळ्याची काडी हाय, काई उसाचं कांडं न्हाई.”

त्यानंतर कोणी हरकत घेतली नाही. दोघांना समोरासमोर उभे केले. तो काठीवर भार देऊन एका हाताने टोक धरणार, तोच त्याने तिला विचारले, “ती घोंगडी कुठं हाय?”

बाईने मागे पाहिले. तिचा दुसरा नवरा थोडा दूर सावलीत बसला होता. त्याच्यापुढे मूल झोपले होते.

“लेकराखाली हाय,” ती म्हणाली. “देऊ का?”

त्याने त्या बाजूला बराच वेळ पाहिले. घोंगडी काळी होती आणि काठाला विटलेली होती.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “निजलंय.”

काडी मोडली. ती वाळलेली होती, जोर लावावा लागला नाही. रिवाजाप्रमाणे दोघांनी आपापला तुकडा मागे टाकला. त्याचा तुकडा त्याच्याच काठीपाशी पडला. बाईने कपाळाचे कुंकू पदराने पुसले नाही, तसे करायचे नसते. पाटाच्या वेळी ते नव्याने लागणार होते.

पाट पुन्हा लावावा लागेल हे मी तिला सांगितले. ते तिला आधीच कळले होते, तरी वकिलांनी मला सांगायला पाठवले होते.

“पुन्हा मुंडावळ्या, पुन्हा जेवनं,” ती म्हणाली. “या लेकराला दाखवीन, बघ बाबा, तुज्या मायचा पाट.” मग तिने विचारले, “आता तर कोनी न्हेनार न्हाई ना मला पेडगावातून?”

मी सांगितले, नाही.

“लिहून ठेवा,” ती म्हणाली आणि मूल उचलायला गेली. घोंगडी झटकून तिने खांद्यावर टाकली.

फाट्यावर बस उशिरा येणार होती. पहिला नवरा रस्त्याच्या कडेला माझ्याबरोबर उभा होता. तो जिंतूर, हिंगोलीवरून वाशीम गाठणार होता आणि पुढे अकोल्याला, त्याच जिनिंगवर. भावांनी राहा म्हटले होते. मेंढरांमागे फिरता येत नाही, मग राहून काय करू, असे त्याने त्यांना सांगितले होते.

“वाटंत नाका हाय का आता?” त्याने विचारले.

“नाही. सगळे नाके उठले.”

“म्हंजी मी गेलेलं कोनी लिहून घेनार न्हाई.”

“नाही.”

त्याने थोडा विचार केला. मग काठी टेकत तो परत चिंचेखाली गेला. पंच अजून तंबाखू खात बसले होते. मी रस्त्यावरूनच पाहत होतो, पण तो मोठ्याने बोलला म्हणून ऐकू आले.

“मी अकोल्याला चाललो. जित्ता हाय. ध्यानात ठेवा.”

म्हाताऱ्या पंचाने हात वर केला. तो माणूस परत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि आम्ही बसची वाट पाहू लागलो.

पुढच्या अंकातला प्रश्न वकिलांनीच मांडून दिला: नवऱ्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याने त्याच्या वतीने काडी मोडली तर काडीमोड होते का? उत्तर एका ओळीत आले. होत नाही, टोक ज्याचे त्यानेच धरले पाहिजे. त्याखाली गाडीबैलाला मोटार धडकल्याचा प्रश्न होता.