वाळवंटातली हाक

आमच्या गल्लीतल्या म्हशीवाल्याला जगातलं काहीही दाखवा, तो ते आपल्या म्हशीशी ताडून बघणार. दिवाळी पाडव्याला त्याची रंगवलेली म्हैस नुसत्या हाकेवर त्याच्या मोटारसायकलमागं पळते. तो वळून बघत नाही. "मागं बघितलं की जनावराला कळतंय, ह्येचा आपल्यावर इस्वास न्हाय."

यंदा गल्लीच्या सहलीबरोबर तो राजस्थानात आला. जीपची सफर, कठपुतळ्या, नाच, सगळं त्यानं जांभया देत बघितलं. उंट दिसला आणि गडी खुलला. आम्ही पाठीवर चढायला उतावीळ झालो होतो.

"बसताय काय? हाक मारून मागं आणायचं असतंय की!" मग उंटवाल्याकडं वळून, "पावणं, दोरी सोडा."

आपली ठेवणीतली हाक देऊन तो ताठ मानेनं वाळूच्या टेकडीकडं चालू लागला. उंटानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि सरळ खाली बसला.

सगळे हसायच्या बेतात होते. मला राहवेना. उंटाच्या गळ्यातली घुंगरांची माळ सोडवून घेतली आणि ती वाजवत मीच म्हशीवाल्याच्या मागं निघालो.

"शाब्बास रं माझ्या वाघा," तो मागं न बघता म्हणाला.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.