वहिनीच्या मसाल्यात काही चुकलं नव्हतं

हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, दादाजवळ नाही, ज्या मैत्रिणीला मी बाकी जवळजवळ सगळं सांगते तिच्याजवळही नाही. इंग्रजीत लिहिणं मला सोपं जातं, माझी शाळाच तशी. पण ही गोष्ट मी इंग्रजीच्याच आडोशाला लपवली होती. म्हणून मराठीत लिहितेय. अडखळत का होईना.

मला नसांचा आजार आहे — मल्टिपल स्क्लेरोसिस. घरात आम्ही नुसतं ‘नसांचं’ म्हणतो. पायाला मुंग्या येतात. कधी चालता चालता चप्पल मागे राहते आणि मला ते पुढे गेल्यावर कळतं. वहिनी लग्न होऊन आमच्या जालन्याच्या घरी आली, तेव्हा तिला हे सांगायचं नाही असं ठरलं. माझं लग्न व्हायचं होतं ना. तिचं माहेर हसनाबादचं. तिथून गोष्ट चार गावांत गेली तर? माझी इंजेक्शनं अशक्तपणाची आहेत, असं तिला सांगितलं. तिने विश्वास ठेवला. ती ठेवतेच.

त्याच वर्षी माझं तोंड जळायला लागलं. कसं सांगू? उकळता चहा घाईत प्यायल्यावर जीभ होते ना, तशी — पण चहा न पिता. सकाळी थोडी, दुपारी जास्त, संध्याकाळपर्यंत टाळू, हिरड्या, ओठांची आतली बाजू, सगळं. आरशात पाहिलं तर काहीच नाही. गुलाबी, स्वच्छ जीभ. फ्रिजमधले बर्फाचे तुकडे मी स्टीलच्या वाटीत घेऊन बसायची आणि मला बर्फ आवडतो म्हणायची. एक गंमत मात्र होती — घास चावत असताना जळजळ मागे सरकायची. ताटावरून उठलं की परत हजर.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तोंडाला काही झालेलं नाही, हे नसांचंच आहे. तिखटाने होत नाही. ते इंग्रजीत बोलत होते. आई शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. “काय म्हणून राह्यले गं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “तिखट कमी खा म्हणाले.”

एवढंच. आजार आता पायांवरून तोंडापर्यंत आलाय, हे मला तिच्या चेहऱ्यावर उमटताना बघायचं नव्हतं. तिखट हे कसं साधं, घरगुती कारण होतं. पण हे मी आत्ता का सांगतेय? या खोट्याचं फारसं काही नाही. खरं ते पुढेच आहे.

आमच्याकडे वर्षाचा काळा मसाला उन्हाळ्यात होतो. मिरच्या गच्चीवर वाळतात, मग खोबरं, धणे, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजून कांडपावर कुटून आणायचं आणि बरणीत भरून वर हिंगाचे खडे ठेवायचे. तो नेहमी आई करायची. त्या वर्षी तिने वहिनीला सांगितलं, “आता तू कर.” आमच्याकडे ही लहान गोष्ट नाही. वर्षभर घर ज्याच्या चवीचं जेवणार, त्याचं ते घर.

वहिनी दिवसभर भाजत होती. खोकत होती, हसत होती. मी नाकाला ओढणी लावून दारात उभी, तर म्हणाली, “ताई, तुमच्या इंग्लिश शाळेत स्वयंपाकघरात यायला पण मे आय कम इन म्हणायचे का?” मला हसू आलं होतं. ती मला आवडायची — हेही लिहायला हवं.

नव्या मसाल्याची पहिली वांग्याची भाजी झाली त्या दिवशी आत्या आलेली होती. सगळे एकत्र जेवायला बसलो. माझं तोंड सकाळपासून पेटलेलं. भाकरी मोडतानाच डोळ्यांत पाणी आलं — पहिला घास घेण्याआधी. ते कुणी पाहिलं नाही. मी खाऊ लागले आणि नेहमीसारखी जळजळ ओसरत गेली. भाजी छान होती. दादाने दुसऱ्यांदा वाढून घेतली. तेवढ्यात आत्याचं लक्ष गेलं. “अगं, हिच्या डोळ्याला पाणी कशाचं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्याला माझ्या आजाराचं माहीत नव्हतं. वहिनीला नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं. कचरा गेला म्हणता आलं असतं, नाही का? मी ताटाकडे बघत म्हणाले, “मसाल्यात मिरची जास्त झालीय.”

मग जे झालं ते मी अजून विसरले नाही. दादाने हात आखडला. “हां, लागून तर राह्यलं जरा.” आत्या म्हणाली, “मला तर वासावरूनच कळलं होतं बाई.” आणि आई — “का गं, तुमच्या हसनाबादला मिरच्या फुकट भेटतात का?” आत्या खूप हसली. वहिनी वाढायची पळी हातात धरून उभी होती. “मिरची तर बराबर मापात घेतल्ती, आई,” ती म्हणाली. मग तिने बोटाला थोडा रस्सा लावून चाखला. पुन्हा चाखला. आणि म्हणाली, “झाली असंल.”

झाली असंल! तिच्या जिभेवर खरं होतं, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

“आमच्याकडे तिखट चालतं,” म्हणत ती अख्खी बरणी आत्या घेऊन गेली. आईने नवा मसाला केला. पुढच्या उन्हाळ्यात आत्याने फोन करून वहिनीला तसाच मसाला पुन्हा करून मागितला. वहिनीला तो टोमणा वाटला. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी. मी शेजारच्या खोलीत होते. तो टोमणा नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मसाला तिने परत कधी केला नाही. भाजी शिजली की ती स्वतः चाखत नाही. चमच्यात घेते, फुंकर मारते आणि माझ्याकडे येते. “ताई, बघा ना, बराबर हाय का?”

मला आता चव धड लागत नाही. सगळ्याला एक धातूसारखी कडवट चव येते, तिच्यावर जळजळ. तरी मी चाखते. कधी म्हणते मीठ हवं, कधी म्हणते तिखट कमी कर. काहीही म्हणते. आणि ती तसं करते. गेली काही वर्षं आमचं सगळं घर अशा जिभेच्या शब्दावर जेवतंय, जिला काहीच कळत नाही.

मागच्या महिन्यात वहिनीची आई आली होती. दोन घास खाऊन लेकीकडे बघत राहिली. “हे तुझ्या हातचं हाय?” वहिनी हसली. “ह्या घरात असंच आवडतं, आई.” मी समोर बसले होते, तोंडात बर्फ होता. तो विरघळेपर्यंत मला बोलता येणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तो विरघळला. मी दुसरा घेतला.

आज सकाळी वरण होतं. वहिनी चमचा घेऊन आली, खाली हात धरलेला, थेंब सांडू नये म्हणून. मी चाखलं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.