बाबांनी पास केलेली गाडी

नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हा मी पोळ्या करत होते. तो वाचून होईपर्यंत तव्यावरची पोळी जळाली. बाबांनी तीच आपल्या ताटात वाढून घेतली, शांतपणे चावून खाल्ली आणि म्हणाले, "नाही जमायचं."

शाळा भेडाघाटच्याही पुढे, पक्क्या सडकेपासून बरीच आत, एका खेड्यात होती. जुलैत रुजू व्हायचं होतं. माझ्या शिकवण्याला बाबांची हरकत नव्हती. लग्न न झालेली मुलगी परक्या छपराखाली रात्र काढणार नाही, रोज संध्याकाळी घरी आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण बस सडकेपर्यंतच जायची. तिथून पुढे काळ्या मातीचा रस्ता आणि मध्ये एक नाला. पावसाळ्यात त्या वाटेवर बैलगाडीशिवाय काही चालत नसे. दुसरीकडे नागपूरचं एक स्थळ उत्तराची वाट पाहत होतं. ही नोकरी गेली असती तर दिवाळीपर्यंत मी नागपुरात कुणाच्या तरी वरणाला फोडणी देत बसले असते. मला शिकवायचं होतं, आणि हे मी घरात इतक्या वेळा बोलून दाखवलं की शेवटी आईनं मला दळण आणायला पाठवून दिलं.

हा एकाहत्तरचा उन्हाळा. लढाई होणार असं जो तो म्हणत होता. जिथे लष्कराच्या गाड्या बनत त्या कारखान्यात बाबा तपासनीस होते, आणि ओव्हरटाइम इतका होता की कॉलनीतले बापे घरी फक्त जेवायला आणि झोपायला येत. तयार झालेला भाग तपासायचा, चांगला असला तर पास करायचा, नाहीतर त्यावर खडूनं फुली मारायची, हे बाबांचं काम. घरीही ते तेच करत. भाजी, शिंप्याची शिवण, दारात आलेला आंबेवाला, सगळ्यांची तपासणी व्हायची. माझ्यासाठी आलेली दोन-तीन स्थळंही त्यांनी अशीच फुली मारून परत पाठवली होती. त्याबद्दल मी त्यांची ऋणी होते, पण नागपूरवाल्यात त्यांना अजून काही खोट सापडली नव्हती.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. कारखान्याच्या भोंग्यावर उठणं-बसणं त्याला कधीच मानवलं नाही. त्याच्याकडे एक जुनी परदेशी पिकअप होती. तिच्यातून तो सकाळ-संध्याकाळ खेड्यातलं दूध आणून सराफा बाजारातल्या हलवायांना द्यायचा. माझं नशीब असं की ते खेडं माझ्या शाळेचंच होतं. पण त्याची पिकअप पडली फक्त मागच्या चाकांवर चालणारी. इंजिनाचा जोर मागे, पुढची दोन चाकं नुसती सोबतीला. काळ्या चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरत आणि स्वतःसाठीच खड्डा खणत. त्यामुळे पावसाळाभर ती सडकेवर उभी राहायची आणि दूध बैलगाडीनं तिथवर यायचं. काका सगळा दोष रस्त्याला द्यायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याला चिडवत असे. आता मात्र त्याच अंगणात मला नाचायचं होतं.

"मी तर दोन्ही वेळा जातोच," काका बाबांना म्हणाला. "सकाळी सोडीन, संध्याकाळी आणीन." पावसाळ्यात काय, असं बाबांनी विचारलं. लष्कराच्या गाड्यांसारखी पुढची चाकंही इंजिनाला जोडून घेतो, असं काकानं सांगितलं. बाबा हसले नाहीत, हे विशेष. "ती गाडी नाला ओलांडून गावात गेली की मग बोलू," एवढंच म्हणाले आणि ड्यूटीवर गेले. काकाला वाटलं हा होकार आहे. बाबांना वाटलं आपण नकार दिला. मी काकाच्या बाजूनं मत दिलं.

क्वार्टरांसमोरच्या मैदानात, कडुनिंबाखाली गाडी विटांवर चढली. आमच्या कॉलनीत माणसं ज्या शॉपमध्ये काम करत त्यावरून ओळखली जायची. शेजारचे गिअरवाले पंडितजी आणि मागच्या ओळीतले एक्सलवाले भाऊ काकाच्या मदतीला आले. आठवडाभर गाड्याच बनवायच्या आणि रविवारीही गाडीच बनवायची, याचा त्या दोघांना कंटाळा कसा येत नव्हता हे मला अजून कळलेलं नाही. लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, त्यातला माल विकणारे डिस्पोजलवाले शहरात होते. त्यांच्याकडून काकानं एका गाडीचा पुढचा एक्सल आणला. इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटून देणारी पेटी दुसऱ्याच गाडीची आणली. पहिल्या रविवारी संध्याकाळी मैदानात जे पसरलं होतं ते पाहून मला रडू फुटायचं तेवढं राहिलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि त्यातल्या एका चिंधीवर माझी नोकरी लटकली होती.

बाबा पहिल्या रविवारी व्हरांड्यात वर्तमानपत्र उघडून बसले. दुसऱ्या रविवारी वर्तमानपत्र थोडं खाली आलं. तिसऱ्या रविवारी ते चप्पल घालून मैदानात गेले, वाकून गाडीखाली बघितलं आणि एका जोडावर खडूची फुली मारली. "हा टिकणार नाही," म्हणाले. काका इतका खूश झाला की तो जोड त्यानं तिथल्या तिथे कापून टाकला. त्यानंतर जे काही गाडीला लागायचं ते बाबांच्या हाताखालून जाऊन. कमानीचे पाटे, स्टिअरिंगचा दांडा, पुढच्या एक्सलला फिरवणारा शाफ्ट. काही परत गेलं, काही पास झालं. ज्यांना मला पाठवायचं नव्हतं तेच गाडी पक्की करत होते. मी आईला विचारलं, हे चाललंय तरी काय. पन्ह्याचे पेले भरत आई म्हणाली, "कच्चं काम समोर असलं की त्यांना जेवण जात नाही. तू काही बोलू नको."

जूनच्या शेवटी गाडी तयार झाली. पंडितजींनी नारळ फोडला. पोरं-बाया सगळी कॉलनी जमली. काकानं कॉलनीच्या सडकेवर गाडी आधी नेहमीसारखी मागच्या चाकांवर चालवली. छान चालली. मग त्यानं नवा बसवलेला छोटा दांडा ओढला, म्हणजे आता चारही चाकांनी जोर लावायचा. गाडी थोडी पुढे गेली, कण्हली, थरथरायला लागली. टायर सडकेवर किंचाळले आणि इंजिन बंद पडलं. परत सुरू केलं, परत तेच. काकानं खाली उतरून टोपी काढली.

मग भांडण जुंपलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. "हमारा बॉक्स तो एकदम ओके है," पंडितजी म्हणाले. एक्सलवाले भाऊ म्हणाले, "माह्या एक्सलला काहून नावं ठेवून राहिले तुम्ही? बोट लावून दाखवा." दोघंही खरं बोलत होते, कारण दोन्ही भागांवर बाबांची पासची खूण होती. बाबा बाजूला उभे होते. जुलै आठवड्यावर आला होता, आणि ही सगळी शहाणी माणसं आपापला तुकडा छातीशी धरून बसली होती. माझा तोल गेला. मोठ्यांसमोर आवाज चढवायची आमच्याकडे पद्धत नव्हती, पण मी चढवला.

"प्रत्येकानं आपलं आपलं बघितलं," मी म्हणाले. "सगळं मिळून कोणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. कारखान्यात ते बघायची वेळच येत नसे. नकाशा वरून यायचा, भाग स्टोअरमधून यायचे, आणि जे एकमेकांना लागतात तेच बरोबर एकत्र येत. पंडितजींनी आयुष्यभर गिअर पाहिले, भाऊंनी एक्सल पाहिले, बाबांनी दोन्ही तपासले, पण एकेकटे.

बाबांनी विटा मागवल्या. चारही चाकं जमिनीवरून उचलली गेली. एका बाजूची चाकं घट्ट धरायला माणसं लावली आणि दुसऱ्या बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांवर बाबांनी खडूनं एकेक रेघ ओढली. काकानं समोरून इंजिनाचं हॅन्डल फिरवलं. पुढच्या चाकाची रेघ एक फेरा संपवून वर आली तेव्हा मागची अजून वाटेतच होती. एक्सलच्या पोटात जे दातांचं चक्र असतं, त्याचा हिशोब पुढे वेगळा आणि मागे वेगळा होता. पुढची चाकं पळायला बघत, मागची त्यांना मागे ओढत. दोन्ही एक्सल उत्तम, फक्त एकमेकांसाठी बनलेले नव्हते. मला नागपूरच्या स्थळाची आठवण झाली, पण तेव्हा जीभ आवरली.

बाबा गुडघे झटकून उठले. "पास मी केलं होतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "चूक माझी आहे." आणि त्या धामधुमीत, जेव्हा कुणी रजेचं नावही काढत नव्हतं, त्यांनी रजा मागितली. काकाला घेऊन डिस्पोजलवाल्यांकडे गेले. मोडक्या गाड्यांच्या ढिगात बसून, एकेक चक्र हातानं फिरवून, दात मोजून, मागच्याशी जुळणारं चक्र शोधून आणलं. संध्याकाळी परत आले तेव्हा कोपरापर्यंत काळे झाले होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी साबण आणून दिला.

शाळेच्या पहिल्या दिवशी बाबा स्वतः गाडीत बसून आले. नाल्यात पोटरीभर पाणी आणि दोन्ही काठांना लोण्यासारखा चिखल. काकानं छोटा दांडा ओढला. मागची चाकं घसरली, पण पुढच्यांनी काठ पकडला आणि गाडी हळूहळू, कुठलीही घाई न करता, पलीकडे चढली. बाबांनी एक सुस्कारा सोडला आणि "बरं," म्हणाले. माझ्या नोकरीला मिळालेली परवानगी ती एवढीच.

जुलै मजेत गेला. पोरं शाळेत येण्याआधी गाडीखाली वाकून बघून येत. ज्या घरचं दूध आम्ही न्यायचो त्या घरची म्हातारी, जिला सगळं गाव भौजी, म्हणजे वहिनी, म्हणायचं, मला रोज वाटीभर साय देऊन बोलायला बसवायची. काका सराफ्यातल्या हलवायांना आपल्या चार चाकांची कहाणी इतक्या वेळा सांगायचा की ते त्याला पाहून दुकानाच्या आत जात.

मग ऑगस्टमध्ये एक दिवस दुपारपासून धो धो पाऊस लागला. शाळा सुटल्यावर गाडी आली नाही, म्हणून मी भौजींबरोबर नाल्याशी आले तर नाला ओळखू येईना. रुंदी फार नव्हती, पण पाणी तांबडं होऊन दोन्ही काठ खात धावत होतं. पलीकडे काकाची गाडी उभी होती, आणि तिच्यातून बाबा उतरले. त्या दिवशीचा ओव्हरटाइम सोडून, कारखान्याच्या कपड्यांतच आले होते.

बाबांनी एक जाड फांदी तोडली आणि काठालाच पाण्यात खुपसली. फांदी हातातून गेली. काका तिकडे इंजिन घुमवत होता. त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं, कारण यंत्रांच्या आवाजावर बोलायची बाबांना सवय होती आणि काकाचा आवाज मुळातच तसा.

"काहून घाबरून राहिला दादा? आता चारही चाकं ओढतात," काका म्हणाला.

"जमिनीला टेकली तर ओढतील," बाबा म्हणाले, आणि खिडकीतून हात घालून त्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं आता काय होणार. आज मला कशीतरी पलीकडे काढतील आणि उद्यापासून नोकरी संपली. रोज संध्याकाळी घरी, ही अट होती, आणि ती मोडली होती. भौजींनी माझा हात धरला.

"उद्या शाळा आहे ना?" बाबांनी पलीकडून विचारलं.

मी मान हलवली. पावसात दिसलं नसेल म्हणून ओरडून सांगितलं, "आहे."

"मग तिथेच राहा. कुठे राहशील?"

भौजींनी माझा हात धरून वर उचलला, पंच जिंकलेल्या पहिलवानाचा उचलतो तसा. बाबांनी त्यांना हात जोडून नमस्कार केला. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि पाऊस असल्यामुळे कुठलंही लपवायची गरज नव्हती.

"बाबा, आईला काय सांगाल?" मी विचारलं.

आमच्या घरात एकच माणूस असा होता की जो रात्री घरी आला नाही तरी कुणी कारण विचारत नसे, रात्रपाळीला गेलेले बाबा. बाबांनी किल्ली खिशात टाकली.

"सांगतो," ते म्हणाले, "ड्यूटीवर आहे."