डोरलीची धुरी

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि दहिवलीत घर केलं. माझ्या हाताखालच्या नाईक जैतूची आई भिवपुरीच्या वर ठाकूरवाडीत राहते. तिला एक गोष्ट सांगायची होती. दोनदा निम्म्या चढावरून परत आलो. तिसऱ्यांदा सकाळी सातला निघालो, सांगितल्याशिवाय उतरायचं नाही असं ठरवूनच.

आमचा दहा जणांचा सेक्शन सीमेवरच्या एका टेकडीवर होता. मी कमांडर. लपून समोरच्या वाटेवर नजर ठेवायची. दिवसा हालचाल बंद, धूर तर मुळीच नाही. हा हुकूम रोज मीच वाचून दाखवायचो.

चौथ्या दिवशी माझी दाढ ठणकू लागली. पेनकिलर संपल्या. गाल सुजला, दुर्बीण डोळ्याला लावून धरवेना. जैतूने पिशवीतून एक पुरचुंडी काढली.

"उस्ताद, डोरलीचं बी हाय."

डोरली आमच्या कर्जत-खालापुरात बांधाबांधावर उगवते. वांग्याच्या जातीचं काटेरी झुडूप, फळं विषारी, गुरंही तोंड लावत नाहीत. पण बी निखाऱ्यावर टाकून धूर तोंडात घेतला की दाढेतला किडा पडतो, असं आमच्याकडे लहानथोर मानतात. मीही मानायचो.

"धूर होईल," मी म्हणालो.

"चिमूटभर. खडकाआड करतो."

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "कर."

१४१० वाजता धुरी झाली. १४३५ ला थेट त्या खडकावरच पहिली फैर आली. जैतूच्या छातीत गोळी लागली.

"वन कॅज्युअल्टी, सिरियस," मी रेडिओवर सांगितलं.

"हेलिकॉप्टर, चाळीस मिनिटं," पलीकडून उत्तर आलं.

तो वीसच मिनिटं टिकला. रिपोर्टात मी धुराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

जैतूची आई ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. माझा हुकूम, माझी दाढ, माझी चूक. तिने सूप खाली ठेवलं.

"ते बी म्याच बांदून दिलं व्हतं," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "मंग दाढ थांबली का रं तुजी?"

थांबली नव्हती. दुसऱ्या दिवशी फील्ड हॉस्पिटलात ती उपटावी लागली.

"थांबली, आई," मी म्हणालो.

तिने पदराने डोळे पुसले. "गुणाचा हात व्हता माज्या जैतूचा."