आर. कापगते नावाची पाच माणसं

रीता कापगते मॅडमवर जो प्रसंग आला तो माझ्यामुळे आला. म्हणून ही हकीकत मीच सांगायला हवी.

मी वीरेंद्र, लाखांदूर तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मॅडम आमच्याकडे मराठी शिकवतात, म्हणजे तेव्हा शिकवायच्या. तासिका तत्त्वावर, अकरा वर्षं. दरवर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि उन्हाळा आला की नोकरी संपली. गाव दिघोरी. वडील तुलारामजी धानाची शेती करायचे. ते गेल्यावर घरी आई पुष्पाबाई आणि त्या, दोघीच.

पीएच.डी. त्यांनी तलावांच्या शब्दांवर केली. आमच्याकडे तलाव पिढ्यान् पिढ्यांचे. पाणी सोडायचं दार ते तुडुम, जास्तीचं पाणी निघून जातं ती सलंग. असे चारशेच्या वर शब्द त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून गोळा केले. सुट्टी आली की स्कुटी काढायची आणि गावोगाव हिंडायचं. एका आजोबांनी तर त्यांना चिखलात उतरवलं. "अगोदर दोन तास रोवणी कर, मंग शब्द सांगतो," म्हणाले. मॅडमनी साडी खोचली आणि तीन तास रोवणी केली. त्या दिवशी सोळा शब्द मिळाले, असं त्या अजून अभिमानानं सांगतात.

या कामावर त्यांचे दोन लेख छापून आले. दोनच.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कॉलेजात मराठीची कायम जागा निघाली. मॅडमनी अर्ज भरला, आणि कागदपत्रं नीट लावून द्यायला माझ्याकडे दिली. इंटरनेटवर संशोधकांच्या लेखांच्या याद्या आपोआप तयार करणारी एक साइट आहे. मी तिथं आर. कापगते हे नाव टाकलं. यादीत एकोणीस लेख निघाले! वरचे दोन पाहिले, ते मॅडमचेच होते. मला वाटलं, बाई किती साधी, एवढं काम केलं आणि कोणाला सांगितलं नाही. खालचे वाचलेच नाहीत. छापील प्रत काढली, ग्रंथालयाचा शिक्का मारला आणि अर्जाला जोडून टाकली. त्यांना सांगितलंही नाही. फाइल जरा जाड दिसावी, एवढाच माझा विचार.

महिन्याभरानं एका मंगळवारी त्या कॉलेजाचं पत्र आलं. आपल्या यादीत नेत्ररोग, काँक्रीट, संगणकाची सुरक्षा आणि विंचूदंश या विषयांवरचे लेख आहेत. इतरांचे संशोधन स्वतःचे म्हणून दाखवल्याचे दिसते. पंधरा दिवसांत पुराव्यांसह खुलासा करावा, अन्यथा अर्ज बाद समजावा.

पत्राची बातमी मॅडमच्या आधी स्टाफरूममध्ये पोचली. रसायनशास्त्राचे टेकचंद सर म्हणाले, "मॅडम, चष्म्याचा नंबर वाढला माझा. तपासता का?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पत्र घेऊन सरळ ग्रंथालयात आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"वीरेंद्रभाऊ, ही यादी तुम्ही जोडली?"

"हो."

"ह्याच्यातले किती लेख वाचले होते तुम्ही?"

"दोन," मी म्हणालो.

"मंग आता राहिलेले सतरा वाचू."

मी म्हणालो, चूक माझी आहे, तसं मी लिहून देतो. त्या म्हणाल्या, "ते तं द्याच. पण तुमच्या चिठ्ठीनं एवढंच समजते का चूक झाली. हे लेख कोणाचे, ते समजत नाही. अन् जोपर्यंत ते समजत नाही, तोपर्यंत लोकं म्हणतीन, पकडली गेली म्हणून आता नाही म्हणून राहिली."

चार दिवस आम्ही शब्दकोश घेऊन बसलो. मराठीची बाई डोळ्याच्या पडद्यावरचे लेख वाचत होती, न समजलेल्या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारत होती. मी एकदा म्हणालो, आपल्याला फक्त लेखकाचा पत्ता पाहिजे, आतलं कायले वाचता? त्या म्हणाल्या, "उद्या कमिटीनं विचारलं, हे तुमचं नाही कशावरून, तं मले माहीत तं पाहिजे ना का मी काय लिहिलं नाही."

हळूहळू यादी फुटत गेली. पाच लेख रूपाली कापगते यांचे, रायपूरला डोळ्यांच्या डॉक्टर. आठ रवींद्र कापगते यांचे. ते कॅनडात राहतात आणि काँक्रीटला भेगा का पडतात यावर काम करतात. तीन राजश्री कापगते यांचे, बंगळूरला, बँकांच्या संगणकांबद्दल. तिघांनाही मॅडमनी ई-मेल पाठवले. आडनाव सारखं, तरी ओळखपाळख कोणाशी नाही. डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच दिवशी सही-शिक्क्याचं पत्र पाठवलं. राजश्रींनीही पाठवलं. कॅनडाहून उत्तर आलं ते मराठीत: 'मूळ गाव साकोलीजवळ. तुमचा तलावाचा लेख गेली चार वर्षं माझ्या यादीत दिसतो. माझे साहेब मला विचारायचे, हे तुडुम काय आहे? मलाही सांगता येत नव्हतं. आजोबांच्या तोंडी ऐकलेला शब्द होता. पत्र सोबत जोडलं आहे.' ते वाचताना मॅडम त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

एक लेख राहिला. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. विंचू चावलेल्या तीनशे सात रोग्यांच्या नोंदी. लेखक आर. कापगते आणि सोबत एका डॉक्टरांचं नाव. ई-मेल नाही, फोन नाही. पत्ता म्हणून फक्त चिखला हे तुमसरकडच्या खाणीच्या गावाचं नाव. डॉक्टरांचा शोध घेतला तर ते वारले होते. आणि गंमत अशी, की एकोणीस लेखांमध्ये सर्वांत जास्त आधार जगानं याच लेखाचा घेतला होता. एकसष्ट ठिकाणी त्याचा उल्लेख होता.

"तीन पत्रं आली, मॅडम. पुष्कळ झालं," मी म्हणालो.

"अठरा लेख सुटले. एक राहिला तं तो माझ्याच नावावर राहते," त्या म्हणाल्या. "अन् ज्याचा आहे त्याले पत्ताच नसन तं?"

रविवारी त्या एकट्या निघाल्या. लाखांदूरहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून काळीपिवळी जीपनं चिखला. दुपारी एक वाजता पोचल्या. खाणकामगारांच्या वसाहतीत कापगते नावाचं कोणी नव्हतं. दहा-बारा घरी विचारून झालं. शेवटी भाजी विकणाऱ्या गिरजाबाई भेटल्या, सत्तरीच्या. त्यांनी विंचवाचं नाव ऐकलं आणि तराजू खाली ठेवला.

"रतिराम कंपोंडर म्हणता का? खाणीच्या दवाखान्यात होता तो. मले इचू चावला तेव्हा मी बोंबलून राहिली, अन् हा वही घेऊन पुसून राहिला, बाई, कोण्या रंगाचा होता? लाल का काळा? म्या म्हटलं, मरून राहिली मी, तुले रंगाचं पडलं! तं म्हणते, लाल असन तं तुले आताच तुमसरले धाडतो. लालच होता. धाडलं त्यानं. म्हणून बसली आहे इथं."

"आता कुठं आहेत ते?"

"त्याचं गाव धरणात गेलं ना, गोसीखुर्दच्या. नव्या वसाहतीत आहे म्हणतेत, पवनीकडं. जिता आहे का नाई, देव जाणे."

त्या दिवशी परतायला उशीर झाला. सोमवारी मॅडमनी आठ वाजताचा तास घेतला, आणि मग टेबलावर पवनी तालुक्यातल्या पुनर्वसित गावांची यादी मांडून ग्रामपंचायतींना फोन लावायला सुरुवात केली. सातव्या फोनवर रतिराम कापगते सापडले. जिवंत होते.

पुढच्या रविवारी मीही सोबत गेलो. सही घ्यायची तर साक्षीदार लागेल, असं मॅडम म्हणाल्या. खरं म्हणजे मलाच घरी बसवत नव्हतं. मुदत मंगळवारी संपत होती.

नव्या वसाहतीत रस्ते सरळ आणि झाडं लहान. रतिरामजी अंगणात खाटेवर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सडपातळ, सदऱ्याच्या खिशात पेन. मॅडमनी वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं आणि लेखाची प्रत पुढं केली. त्यांनी ती उलटी-सुलटी केली.

"हे इंग्रजी आहे, बाई."

"बाबाजी, हा तुमचा लेख आहे. हे पाहा तुमचं नाव. पहिलं तुमचं, मंग डॉक्टरांचं."

म्हातारा बराच वेळ त्या नावावर बोट ठेवून होता. "डॉक्टर म्हणाला होता, रतिराम, तुझी वही दे, काहीतरी लिहितो. नवीन पोरगा होता, हुशार. मंग त्याची बदली झाली. वही पोस्टानं वापस आली, चिठ्ठी नाई, काही नाई. मले वाटलं, त्याले काही कामाची नाई वाटली."

"एकसष्ट लोकांनी तिचा आधार घेतला," मॅडम म्हणाल्या. "परदेशातल्या डॉक्टरांनीसुद्धा."

त्यांचा विश्वास बसला नसावा. "वाचून दाखव," म्हणाले.

मॅडमनी अख्खा लेख वाचला, एकेक वाक्य मराठीत करून. कोणत्या महिन्यात जास्त चावतात, गोवऱ्या काढताना किती, दगड उचलताना किती, हातपाय गार पडून घाम फुटला तर पहिल्या तासातच मोठ्या दवाखान्यात का पाठवावं. सुनेनं चहा आणला, तो तसाच राहिला. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. रोग्यांचा नंबरवार तक्ता चालू असताना त्यांनी हात वर केला.

"थांब. दोनशे बारा नंबर पुन्हा वाच." मॅडमनी वाचलं. "तो इचू नाई. गोम होती ती. वहीत म्या खोडून खाली लिहिलं होतं. डॉक्टरनं पाह्यलं नाई. तीनशे सहा इचू अन् एक गोम, असं पाहिजे."

ते आत गेले आणि वही घेऊन आले. गाव उठलं तेव्हा घरातली भांडी मागं राहिली होती, वही आणली होती. दोनशे बारावर खरोखरच काट मारलेली होती.

मग मॅडमनी कामाचं सांगितलं. यादी, पत्र, मुदत. रतिरामजींनी मध्येच विचारलं, "म्हणजे हा लेख माझा आहे असं म्या लिहून देल्लं, तं मले काय भेटते?"

"काहीच नाही, बाबाजी."

"अन् तुले?"

"माझा एक लेख कमी होते."

म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, "ही बाई एवढ्या दूरून स्वतःचं कमी कराले आली?" आणि मग मॅडमना, "कागद दे. म्याच लिहितो. तुम्ही शहाण्या लोकांनी लिहिलं का गोमीचा इचू होते."

त्यांनी दीड पान लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात. शेवटी गोमीची दुरुस्तीही घातली. मी साक्षीदार म्हणून सही केली.

सोमवारी, मुदतीच्या एक दिवस आधी, मॅडमनी चार पत्रं, माझा कबुलीजबाब आणि दोन लेखांची खरी यादी स्वतः जाऊन दिली आणि पोच घेतली. अर्ज मान्य झाला. मुलाखतीत एका सदस्यांनी विचारलं, "अकरा वर्षांत दोनच लेख?"

"दोनच," मॅडम म्हणाल्या. "चारशे बावीस शब्द आहेत त्यांत. कोणताही विचारा."

जागा त्यांना मिळाली नाही. दुसरा क्रमांक आला. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या म्हणाल्या, "काहून तोंड पाडून बसले, वीरेंद्रभाऊ? हारली मी, बाद तं नाई झाली." पण त्या संध्याकाळी त्या बराच वेळ ग्रंथालयात बसून होत्या आणि एकही पुस्तक उघडलं नाही, तेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या साइटच्या मागं लागल्या. पाच माणसांची पाच पानं वेगळी करून घ्यायला सात महिने आणि तेवीस तक्रारी लागल्या. रतिरामजींच्या नावाचं आता स्वतंत्र पान आहे. छापणाऱ्या मासिकानं गोमीची दुरुस्तीसुद्धा छापली.

त्यासाठी रतिरामजींकडे जाणं-येणं झालं, त्यातून एक नवं काम निघालं. रतिरामजींच्या वहीत रोग्यांचे शब्द जसेच्या तसे होते: विष चढते ते कसं, ठणक कोणती, मुंग्या कोणत्या, गारठा कोणता. एकेका दुखण्याला आमच्या झाडीबोलीत आठ-आठ शब्द. मॅडमनी ते त्यांच्याकडून समजून घेतले, आणि दोघांनी मिळून लेख लिहिला. संपादकांनी कळवलं की लेखकाचे नाव चुकून दोनदा आले आहे, एक वगळत आहोत. मॅडमनी लगेच फोन लावला आणि दोन्ही नावं पूर्ण छापून घेतली, वडिलांच्या नावासकट.

गेल्या वर्षी पवनी तालुक्यातल्या एका कॉलेजात जागा निघाली आणि यावेळी पहिला क्रमांक त्यांचा आला. यादी त्यांनी स्वतः टाइप केली. मला फक्त शिक्का मारू दिला, तोही पानं मोजून. आई पुष्पाबाईंना घेऊन त्या आता तिकडेच राहतात. परवा फोन केला तर मागून रतिरामजींचा आवाज ऐकू आला. दर रविवारी त्यांच्याकडे जातात म्हणे. आज वहीची दुसरी बाजू उघडली, असं मॅडम म्हणाल्या.

"इचू झाले," म्हातारा म्हणत होता, "आता सापाचं घे. लिही, पहिला नंबर."