रुंद होत गेलेलं पांघरूण

"डोळे मिटा. पेन जिथं टेकेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी डावा तळहात टेबलावर उताणा ठेवला, डोळे मिटले आणि वाट बघत बसले. बराच वेळ काही होईना, तेव्हा म्हटलं, "मॅडम, करा की सुरू."

"चार वेळा टेकवला, ताई."

डोळे उघडले तर करंगळीवर आणि तिच्याखालच्या मांसल भागावर निळ्या शाईचे चार ठिपके. मॅडमनी माझ्या कोपरामागं बोटं घालून एक जाड झालेली नस चाचपली. पाठ उघडी करून पाहिली. मग म्हणाल्या, "लेप्रसी आहे. कुष्ठरोग. पाठीवर फिकट चट्टे आहेत, तुम्हाला दिसले नसतील."

जालन्याच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या खोलीत मला रडू आलं नाही, आधी लाज वाटली. मी जाफराबाद तालुक्यातल्या एका गावात आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्य खात्याची बाई. घरोघर जाऊन मीच बायकांना विचारते, अंगावर बधिर चट्टा आहे का. वर सांगतेही, घाबरू नका, हा पूर्ण बरा होतो. किती पाठी पाहिल्या त्याला गणती नाही. स्वतःची पाठ पाहावी हे कधी सुचलं नाही, आणि माझ्या मालकांना माझी पाठ पाहायला सवड कुठली!

तुमच्यापैकी कुणाच्या हाताला असं काही होत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दम लागतो लिहितानाही, पण लिहिते.

माझा आजार सगळ्यात आधी एका पांघरुणात दिसला. दिवाळीच्या तोंडावर दिवाणावर टाकायला म्हणून मी क्रोशाचं पांघरूण विणायला घेतलं होतं. साधं नाही, फुगीर गाठींचं. एकाच घरात पाच खांब घालायचे आणि शेवटी ते एकत्र बांधायचे, की बोराएवढी गाठ वर येते. दिवाळीला लेक शीतल मंठ्याहून, सासरहून, महिनाभर राहायला आली. आल्यावर चारच दिवसांत तिला उलट्या सुरू झाल्या, गोड बातमी कळली, आणि दिवाणाचं पांघरूण बाळाचं झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे ते माझ्याच घरात वापरात येणार होतं. शीतल शेजारी बसून रंग निवडायची. पिवळ्यानंतर राखाडी तिनंच घ्यायला लावला.

राखाडीपासून पांघरूण रुंद व्हायला लागलं.

मला वाटलं, कडेला एखादं घर जास्त पडतंय. नवशिकीचं असं होतं, माझं व्हायला नको होतं. टाके मोजले तर बरोबर. तरी विश्वास बसेना. उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा रुंद. तीनदा उसवलं. सुई बदलली, लोकर बनावट आहे म्हणून दुकानदाराला नावं ठेवली, चष्म्याचा नंबर तपासून आले. सगळ्यांवर संशय घेतला, हातावर नाही. लोकर डाव्या करंगळीला वेढा देऊन सोडायची असते. करंगळी ती ओढून धरते, म्हणून वीण घट्ट येते. माझी करंगळी लोकर सोडून देत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढं करंगळीला एक फोड आला. कुठं भाजलं ते आठवेना. एका डॉक्टरांनी मानेची नस दबली म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्या महिनाभर खाल्ल्या. मग करंगळी वाकली ती सरळ होईना, तेव्हा जालन्याची एसटी धरली.

त्या दिवशी रांगेत वेळ जावा म्हणून पांघरूण पिशवीत नेलं होतं. बधिरपणा कधीपासून, असं मॅडमनी विचारलं आणि मला सांगता येईना. शेवटी पिशवी उघडून म्हटलं, "बाई, हे बघा, हे असं बिघडत गेलं." त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि कडेवरून बोट फिरवत गेल्या.

"इथपर्यंत सरळ आहे. इथून सुटलंय. हे कधी विणलं?"

"दिवाळी झाल्या झाल्या."

"म्हणजे चार महिने." त्या पहिल्यांदाच हसल्या. कोपरामागून करंगळीकडे जाणारी नस, तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. तिला सूज आली होती. त्या सुजेला न्यूरायटिस म्हणतात. दुखणं सहा महिन्यांच्या आतलं असेल तर स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं जोरदार औषध, देऊन नस परत येण्याची आशा असते. जुनं झालं की अवघड. तीनदा उसवून पुन्हा घातलेल्या त्या वेड्यावाकड्या रांगांनी माझी तारीख सांगितली.

मग मॅडमनी विचारलं, "दिवाळीत घरात कोण कोण होतं? सगळ्यांना तपासावं लागेल."

"आम्ही दोघंच," मी म्हणाले. "मी आणि माझे मालक."

हे खोटं होतं. खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. शीतलचं नाव घेतलं की तपासणी मंठ्याला जाणार, सासरी कळणार, आणि असल्या घरात पोटुशी सून कोण पाठवील? माझ्या लेकीचं बाळंतपण माझ्या हातून जाईल, एवढंच मला दिसलं.

पहिली गोळी दवाखान्यातच समोर घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली, घाबरू नका, ते औषधाचं असतं. माझा प्रकार मल्टिबॅसिलरी, म्हणजे जंतू जास्त असलेला. दर महिन्याला एक पाकीट, अशी बारा. पहिल्या डोसनंतर माझ्याकडून कुणाला लागण होणार नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. मी लोकांना हजारदा सांगितलेलं वाक्य, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा खरं वाटेना. स्टेरॉइडनं तोंड सुजलं, भूक खवळली. रोज हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, करंगळी दुसऱ्या हातानं सरळ करायची, पट्टी बांधायची. कंटाळा येतो. गोळ्यांनी कातडी काळवंडते, आणि बायका विचारतात, उन्हात फिरून राह्यली का गं? मी हो म्हणायची. आजारापेक्षा त्या हो म्हणण्यानं जास्त थकले.

मालक म्हणाले, "शीतलला आताच सांगून काय करती? पोटुशी हाय. बाळंतपण होऊ दे, मंग पाहू." मलाही तेच हवं होतं.

दोन महिन्यांनी तालुक्याचे कर्मचारी घरी आले. मालकांना तपासलं, काही नव्हतं. कागद भरला: घरात दोन, तपासले दोन. खाली गावच्या आशाची सही लागते. त्यांनी संकोचून कागद पुढं केला. आशा मीच की! पेन हातात धरून मी बसून राहिले. इतर कुणी असं नाव लपवलं असतं तर मी त्या बाईला उभ्या उभ्या झापलं असतं. सही केली नाही. म्हटलं, चार दिवसांनी या.

ते गेल्यावर फोन लावला. "शीतल, मला कुष्ठरोग झालाय. गोळ्या चालू हायेत. दिवाळीत तू जवळ होतीस, तुलाबी तपासायला पाह्यजे."

"कधी कळलं?"

"दोन महिने झाले."

फोन बंद झाला. दोन दिवस तिनं उचलला नाही. तिला सातवा सरला होता, आणायची वेळ झाली होती, खोली मी झाडून ठेवली होती. त्या दोन दिवसांत मला वाटलं की मी आता लेक, नातवंड सगळं गमावलं, आणि तेही रोगानं नाही, माझ्याच तोंडानं.

तिसऱ्या दिवशी ती जावयांबरोबर दारात उभी. पाणीही घेतलं नाही.

"दुसऱ्याच्या घरी गेली अस्तीस तं तिथल्या लेकीचं नाव पहिलं लिहिलं अस्तंस. मी काय परकी होते का आई? दोन महिने माझ्या पोटात लेकरू वाढून राह्यलंय, अन् तू गप!"

मी म्हणाले, "चुकलं माझं," आणि रडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"सासूबाईला मीच सांगितलं," ती म्हणाली. "एक दिवस बोलल्या न्हाईत. मंग म्हणाल्या, जल्दी तपासून ये, पुढं कुठं राह्याचं ते तू ठरव."

ते तिनं काय ठरवलंय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आता माझं तिसरं पाकीट चालू आहे. करंगळी अजून पूर्ण सरळ होत नाही, पण टोकाशी मुंग्या येतात, आणि मॅडम म्हणतात की मुंग्या येणं चांगलं. रोज एक रांग विणते, जास्त नाही. चट्टा असो, बधिरपणा असो, नुसती लोकर निसटत असो, हात दाखवून घ्या. आणि कोण कोण जवळ होतं ते विचारलं तर सगळ्यांची नावं सांगा. ज्यांच्यावर जीव आहे त्यांची आधी.

शीतल दारात आली त्याच दिवशी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी शीतलला पडद्याआड नेऊन नीट तपासलं. एकही चट्टा नाही, नसा साफ. प्रतिबंधाची गोळी बाळंतपणानंतर, म्हणाले. मी बाकावर बसले. सिस्टरनं नवा कागद घेतला, नाव लिहिलं, वय लिहिलं.

"रुग्णाशी नातं?"

"लेक," शीतल म्हणाली. "अन् बाळंतपणाला आईजवळच राहणार हाय, ते बी लिहा."

सिस्टर हसली. "ताई, त्याला रकाना नाही."

"मंग बाजूला लिहा," शीतल म्हणाली.