शेवटच्या ओळीतलं नाव

पोर्तुगालचा व्हिसा सकाळी आला. दुपारी माझा भाऊ सुहास अचानक वारला.

तो शक्ती-तुऱ्याचा (कोकणातल्या सवाल-जबाबाच्या गाण्यांचा) शाहीर होता. गाणी मी लिहायचे, पेणच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता. त्याच्या मंडळाचा पोर्तुगाल दौरा रद्द झाला. वर्षभराने तिथल्या आयोजकबाईंनी पुन्हा विचारलं, गाणार कोण? मंडळातले म्हणाले, “ताई, तुम्हीच गा. पण आधी रोह्यात बारी (सामना) करा. रोह्यानं ऐकलं तर जग ऐकेल.”

पेणहून एसटी निघाली. नागोठण्याच्या अलीकडे टायर बसला. आंबा नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात उभी राहून मी गाणं पाठ करत होते. शेजारची कोळीण म्हणाली, “कोनाशी भांडतंस गो?”

कोलाडला ढोलकीवाले नामदेवदादा भेटले. गरम वडे मागवून त्यांनी सुहासबरोबरच्या पहिल्या पोर्तुगाल दौऱ्याची गोष्ट काढली.

“तिकडं डोंगरातल्या एका गावात बर्फ पडला आन् बघायला कोण? आयोजकबाई आन् तिचा कुत्रा! दुसऱ्या गावाला आमच्या रीतीनं एकाच पायात बांधलेले चाळ (घुंगरू) बघून बाईला वाटलं, दुसऱ्या पायातले विमानतळावर हरवले. बिचारीनं शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणून दिल्या.”

“मग?”

“मग काय! सुहासनं त्याच वाजवून गौळण म्हटली. सगळा हॉल उभा राहिला!”

मी हसले. वर्षभरात पहिल्यांदाच.

कुंडलिकेच्या काठाने रोह्यात पोहोचलो तेव्हा मांडव भरला होता. मी मधोमध बसले, मंडळातली पोरं भोवती फेर धरून नाचू लागली. माझा सवाल बरा रंगला. शेवटच्या ओळीत शाहीर स्वतःचं नाव घालतो; मी सुहासचं घेतलं.

आम्ही शक्तीवाले; समोरच्या पक्षाचे, तुरेवाले शाहीर उठले. “ताई, तुमचा भाऊ मोठा शाहीर. पन गेलेल्याचं नाव घालून सवाल टाकायचा नाय. मी जबाब देऊ कोनाला?”

मागून कोणी ओरडलं, “बाईचं नाव नाय काय?”

शोक कसा करावा, हे मी पुस्तकांत खूप वाचलं होतं. हे त्यात नव्हतं. नामदेवदादांनी ढोलकीवर हलकी थाप दिली. मी ओळ पुन्हा उचलली आणि शेवटी माझं नाव घातलं: मीना. सूर सुटला नाही.

“आता कसं!” तुरेवाले गरजले आणि त्यांनी असा खणखणीत जबाब दिला की मला पुन्हा सवाल टाकावाच लागला. बारी संपली तेव्हा त्यांनी स्वतःचा फेटा उतरवून माझ्या हातात ठेवला. “पोर्तुगालला आमचं पन नाव सांगा, बाय.”

परतीच्या एसटीत मी आयोजकबाईंना कळवलं, गाणार मी.

लिस्बनमध्ये गाऊन आले, त्यालाही आता काही महिने झाले. सुहास नाही. मंडळ आहे, आणि पुढच्या बारीसाठी एक सवाल अर्धा लिहून झाला आहे.